सव्विसावं नाव

साहेब दारात येऊन उभे राहिले तेव्हा आत्या भाकरी थापत होत्या.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. गेलं वर्षभर आत्यांनी पिठाला हात लावला नव्हता. स्टोव्ह कसा पेटवायचा हे त्या विसरल्या होत्या. कधी स्वतःचं नाव विसरायच्या, आणि दोनदा तर माझ्याच घरात मला ‘तुम्ही कुणाच्या गं बाई?’ असं विचारून झालं होतं. पण त्या गुरुवारी सकाळी उठल्या, तोंड धुतलं, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, “सर बाजूला, आज मी करते.” मला इतकं बरं वाटलं की मी भिंतीला टेकून नुसती बघत बसले. मी कामाला होते त्या सूतगिरणीला सुट्टी होती. माझी तीन वर्षांची प्राची आजीच्या मांडीला खेटून बसली होती आणि पहिल्या भाकरीचा पापुद्रा फुंकर मारून खात होती.

“शालन दत्तात्रय कोष्टी?” साहेबांनी विचारलं. हातात पुठ्ठ्याची फाइल होती.

“मीच.”

“सांगलीच्या ऑफिसातून आलोय. पाळणाघराची तपासणी आहे.” त्यांनी चपला काढल्या, आत आले, फाइल उघडली आणि माझा फॉर्म वाचायला लागले. “घरात मूल सांभाळण्यास अन्य व्यक्ती नाही. सासू विटा येथे धाकट्या मुलाकडे राहते. बरोबर?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी आत्यांकडं बघितलं. “या कोण?”

“सासूबाई. म्हंजे… आल्यात चार दिवस.”

“विट्याहून कधी आलात, आजी?”

आत्यांनी भाकरी उलथली. “विट्याला कशाला जाईन? हितंच असते की मी.”

“मग नातीला कोण बघतं?”

“कोण म्हंजे? मीच. सून जाती गिरणीत, ल्योक असतोय ट्रकवर. घरात म्हातारं माणूस असताना पोर लोकाच्या दारात टाकायची व्हय?”

साहेबांनी पेन काढलं. माणूस वाईट नव्हता. लिहिताना त्यांचा हात दोनदा थांबलेला मला दिसला.

“साहेब, त्यांना आज बरं वाटतंय,” मी म्हणाले. “रोज असं नसतं. एरवी त्यांचं…” आत्या समोर होत्या, हात पिठानं पांढरे झालेले, वर्षातून पहिल्यांदा शहाण्यासारख्या.

“मी बघितलं ते मला लिहावं लागणार, बाई. परवा पाच वाजता पाळणाघरात या. मंडळाच्या अध्यक्षाही असतील.”

ते गेले. आत्यांनी हात धुतले आणि माझ्याकडं बघून हसल्या.

“चांगला वाटला माणूस. आपल्या दत्तासाठी पोरगी सांगून आला होता न्हवं? हो म्हणून टाकू.”

दत्ता म्हणजे माझा नवरा.

या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. तेव्हा मी कुपवाडच्या एका सूतगिरणीत कोन वाईंडिंगला होते. बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनवर गुंडाळणाऱ्या यंत्रांपुढं आम्ही चाळीसभर बायका उभ्या असायचो. दत्ता हळदीचे ट्रक घेऊन गुजरातकडं जायचा, तो दहा-दहा दिवस घरी नसायचा. आत्यांचं डोकं फिरायला लागलं आणि माझ्यापुढं प्रश्न उभा राहिला, की प्राचीला ठेवायचं कुठं? खाजगी पाळणाघर होतं, पण तिथं माझा निम्मा पगार गेला असता. मग राजमतीनं सांगितलं की गिरणीमागच्या समाजमंदिरात सरकारी मदतीचं पाळणाघर निघतंय.

घाऱ्या डोळ्यांची राजमती मगदूम माझ्या शेजारच्या यंत्रावर होती. चार वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. तिचा नवरा पुण्याला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. पदरात दीड वर्षाचा सन्मती. माझ्या बाळंतपणात ती रात्रपाळी करून सकाळी माझ्याकडं यायची आणि माझे कपडे धुवायची. सख्खी बहीण करणार नाही एवढं तिनं माझं केलं होतं.

पाळणाघर एक महिला मंडळ चालवायचं. सेविकेचं मानधन आणि मुलांचं खाणं सरकारकडून यायचं, आम्ही महिन्याला नावापुरते वीस रुपये भरायचे. पण त्यासाठी आई कामावर असल्याचा गिरणीचा दाखला लागायचा, उत्पन्नाचा दाखला लागायचा, आणि घरात मूल सांभाळायला कुणी नाही असं फॉर्मवर लिहून द्यावं लागायचं. आणि मुलं घेणार पंचवीस. सरकार तेवढ्यांचेच पैसे द्यायचं.

फॉर्म द्यायच्या दिवशी राजमती पहाटेच जाऊन रांगेत उभी राहिली होती. मी पोचले तेव्हा प्राचीनं रडून आकांत मांडला होता. “हो माझ्या पुढं,” राजमती म्हणाली, “तुझं उरकून पोरीला घेऊन जा घरी.” मी तिच्या पुढं झाले.

टेबलाशी नसीमभाभी बसल्या होत्या. नसीम मुजावर. त्याच पाळणाघराच्या सेविका होणार होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, अक्षर छापल्यासारखं. सगळ्यांचे फॉर्म त्याच भरत होत्या.

“घरात कोण कोण?”

मी आत्यांचं सांगितलं. भाभींनी पेन खाली ठेवलं. “मग डॉक्टरचा दाखला आण. मिरजेला दाखव त्यांना, दाखला जोडला की झालं.”

“किती दिवस लागतील?”

“दोन-तीन खेपा तर होतीलच.”

दोन-तीन खेपा म्हणजे दोन-तीन खाडे. मी अजून कायम झाले नव्हते, खाडे पडले की कायम करायच्या यादीत नाव खाली जायचं. मी मागं वळून राजमतीकडं बघितलं. ती वाकून हळूच म्हणाली, “कशाला दाखल्याच्या नादी लागतीस? लिही की, सासू विट्याला दिराकडं असती. कोण बघायला येतंय?”

भाभींना ते ऐकू गेलं होतं. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. “बघ बाई. नंतर कुणी विचारलं तर?”

“कोण विचारणार, भाभी? लिहा तुम्ही.”

त्यांनी लिहिलं. मी सही केली. माझ्या पावतीवर नंबर पडला पंचवीस. माझ्यामागून राजमती टेबलापाशी गेली, आणि सन्मतीचं नाव वेगळ्या कागदावर गेलं, प्रतीक्षा यादीत, पहिलं.

“असू दे गं,” ती बाहेर येऊन म्हणाली. “एखादं पोर गळेल की.”

तीन महिने छान गेले. प्राची पाळणाघरात रमली. भाभी पोरांना दुपारी गोष्टी सांगायच्या, घरून येताना पदरात शेंगदाणे बांधून आणायच्या. सोमवारी भिंतीवर आठवड्याच्या खाण्याचा तक्ता लागायचा, तो मी बाकीच्या बायांना वाचून दाखवायचे. मंगळवारी उसळ, बुधवारी लापशी. मी सातवी पास होते आणि आमच्यात तेवढी शिकलेली मीच होते.

फक्त एकदा भाभींशी तोंडातोंडी झाली. गिरणीत जादा काम लागलं होतं आणि मी चार दिवस ओळीनं अर्धा-पाऊण तास उशिरा गेले. भाभी म्हणाल्या, “शालन, रोज असं चालायचं न्हाई. माझंही घर हाय. परत उशीर झाला तर मला वर कळवावं लागेल.” मीही दोन शब्द बोलले. त्याला आठवडा झाला नव्हता, आणि साहेब माझ्या दारात आले.

शनिवारी पाच वाजता मी पाळणाघरात गेले. बाया पोरांना न्यायला आल्या होत्या, पण काहीतरी शिजतंय म्हणून सगळ्या रेंगाळल्या होत्या. साहेब, मंडळाच्या अध्यक्षा शिराळकर बाई आणि बाजूला नसीमभाभी उभ्या होत्या. प्राची भाभींचा पदर धरून होती.

“तक्रार आली होती,” साहेब म्हणाले. “फॉर्मवर सासू विट्याला असल्याचं खोटं लिहिलंय, अशी. खात्री केली, तर ती खरी निघाली.”

चाळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की आत्या माझ्याकडं आहेत. पण फॉर्मवर विटा लिहिलंय, हे चाळीत कुणालाही ठाऊक नव्हतं. माझ्याशिवाय ते ठाऊक होतं दोघींना. एक राजमती. राजमतीवर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःवर घेण्यासारखं. राहिलं कोण?

“फॉर्म कुणी भरलाय?” शिराळकर बाईंनी विचारलं. “हे अक्षर तुमचं आहे का?”

“नाही,” मी म्हणाले. “यांनी भरला. मी नुसती सही केली. मला सही तेवढी येते. वाचता येत नाही.”

बायांनी एकमेकींकडं बघितलं. भिंतीवर त्या आठवड्याचा तक्ता तसाच लटकत होता.

“भाभी?”

नसीमभाभींनी माझ्याकडं बघितलं. चष्म्याआडचे डोळे मोठे दिसायचे त्यांचे. मग त्या अध्यक्षांकडं वळल्या. “अक्षर माझंच हाय.”

“विट्याचं खोटं आहे हे माहीत होतं?”

“माहीत होतं.”

“तुम्हीच लिहिलं आणि तुम्हीच कळवलं!” माझा आवाज चढला. “अर्धा तास उशीर झाला त्याचा राग माझ्या पोरीवर काढला. दुसऱ्याच्या लेकराचं वाटोळं करून काय मिळालं तुम्हाला?”

“शालन,” त्या म्हणाल्या, “माझ्या हातानं लिहिलेल्या खोट्याची चुगली मी करीन व्हय? वर कळलं तर पहिली मीच जाईन की.”

ते खरं होतं, इतकं सरळ की कुणालाही कळावं. पण मला ते ऐकायचंच नव्हतं. मी प्राचीचा हात त्यांच्या पदरातून सोडवला आणि तिला ओढत बाहेर आणलं. ती रस्ताभर रडत होती.

प्राचीचं नाव कापलं गेलं. सोमवारपासून नसीमभाभींनाही येऊ नका म्हणून सांगितलं. खोटी माहिती जाणूनबुजून भरली म्हणून. त्यांच्या जागी नवी सेविका आली, आणि प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव वर सरकलं.

“मला नको,” राजमती यंत्रापाशी उभी राहून रडायला लागली. “तुझ्या पोरीची जागा मी कशी घेऊ?”

“येडी हायस काय?” मी म्हणाले. “माझ्या पोरीची गेली ती गेली. तू नको म्हणलीस तर सत्ताविसावीला देतील. निदान तुझ्या पोराला तरी मिळू दे.”

तरी ती नाही नाही म्हणत होती. शेवटी पहिल्या दिवशी मीच सन्मतीला कडेवर घेतलं आणि पाळणाघराच्या पायरीवर नेऊन उतरवलं. राजमती माझ्यामागून येत होती, तोंडाला पदर लावून.

प्राचीला मी आत्यांजवळ ठेवायला लागले. दुसरा इलाज नव्हता. शेजारच्या पार्वतीकाकूंना लक्ष ठेवायला सांगून जायची. वाटायचं, भाकरी थापली तशी एखाद्या दिवशी आत्या पूर्ण बऱ्या होतील. तेवीस दिवस गेले. चोविसाव्या दिवशी दुपारी दोन वाजता गिरणीच्या फाटकावर पार्वतीकाकू धापा टाकत आल्या. त्यांचा डोळा लागला होता. दोघी घरात नव्हत्या.

ऑक्टोबरचं ऊन. मी चपला विसरून धावत सुटले. कुपवाडभर विचारत फिरले. देवळात, बाजारात, विहिरीवर. विहिरीत वाकून बघितलं, ते मला आजही आठवतं. चार वाजता मिरजेच्या रस्त्यावर एका रसाच्या गाड्यापाशी दोघी सापडल्या. आत्या बाकावर ताठ बसल्या होत्या. विट्याला लग्नाला निघालोय, असं त्यांनी रसवाल्याला सांगितलं होतं. प्राची त्यांच्या मांडीवर झोपली होती. तिला उचललं तर ती किंचाळली. तापलेल्या डांबरावरून अनवाणी चालून तिच्या तळव्यांना फोड आले होते.

“लई लांब चालली पोर,” आत्या कौतुकानं म्हणाल्या. “कुणाची गं ही?”

दुसऱ्या दिवशी मी खाडा केला आणि आत्यांना मिरजेच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. दोन आठवड्यांत तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी दाखला दिला: रुग्णास स्मृतिभ्रंश असून तिला स्वतःलाच सतत सोबतीची गरज आहे. तो कागद ब्लाउजमध्ये ठेवला, आत्यांना घरी पार्वतीकाकूंपाशी सोडलं आणि त्याच दिवशी मी सांगलीच्या ऑफिसात गेले.

साहेब दौऱ्यावर होते. टेबलापाशी घोरपडे मॅडम नावाच्या क्लार्क बसल्या होत्या. त्यांनी दाखला दोनदा वाचला.

“अहो, हा आता आणताय?” त्या म्हणाल्या. “हा वेळेत आला असता तर नाव कापलंच नसतं. नियमातच आहे तसं. घरातलं माणूस आजारी असेल तर ते सांभाळणारं धरत नाहीत.”

“वेळेत म्हंजे कधी, मॅडम? मला कुणी सांगितलंच नाही.”

“असं कसं? तक्रार आल्यावर पंधरा दिवस थांबलो होतो आम्ही. साहेब घरी यायच्या आधी. मी स्वतः तुमच्या मैत्रिणीला सांगितलं होतं की सासू खरंच आजारी असेल तर त्यांना म्हणावं दाखला आणून द्या, काही होत नाही.”

“कुठली मैत्रीण?”

मॅडमनी चष्मा वर केला. त्यांना वाटलं होतं मला ठाऊक असेल.

“ती… गिरणीतलीच ना तुमच्या? घाऱ्या डोळ्यांची, कडेवर लहान मुलगा. ती समोर बसून सांगत होती, मीच लिहून घेतलं. दाखल्याचं विचारलं तर म्हणाली, दाखला कशाला, सासू ठणठणीत आहे.” त्या थांबल्या. “मी बोलायला नको होतं. पण तिच्याच मुलाला जागा मिळाली, म्हणून मला वाटलं तुमचं आपसात मिटलं असेल.”

मी दाखला घडी करून परत ब्लाउजमध्ये ठेवला. मॅडम म्हणत होत्या की आता यादीत नवीन अर्ज करा, तुमचा नंबर चौथा लागेल. मी हो म्हणाले. जिना उतरून खाली आले आणि खालच्या पायरीवर बसून राहिले. रडू आलं नाही. डोक्यात एकच फिरत होतं. सन्मतीला कडेवर घेऊन मी त्या पायरीवर उतरवलं, तेव्हा ही मागून चालत होती. तोंडाला पदर लावून.

साडेपाचला मी समाजमंदिरापाशी उभी होते. राजमती सन्मतीला घेऊन बाहेर आली. मला बघून हसली आणि मग हसणं तिच्या तोंडावरच विरून गेलं.

“घोरपडे मॅडम भेटल्या मला,” मी म्हणाले.

तिनं कोण, काय, कधी, काही विचारलं नाही. पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

“दाखल्याचं तरी सांगायचंस, राजमती. पंधरा दिवस होते.”

“सांगितलं असतं तर तुझी जागा राहिली असती.”

“मग?”

“मग माझी आली नसती.”

इतक्या साध्या आवाजात बोलली ती. मी आल्यापासून मनाशी जुळवलेल्या शिव्या कुठल्या कुठं गेल्या.

“पंचविसावं नाव माझं होतं,” ती म्हणाली. “तुझी पोर रडत होती म्हणून मी तुला पुढं केलं. तीन महिन्यांत एकदा तरी बोलून दाखवलं का मी? न्हाई. पण तू तरी एकदा म्हणलीस का, की राजमती, ही तुझी जागा हाय?”

“मला वाटलं तुझी सोय लागलीय. त्या शेजारच्या म्हातारीकडं…”

“म्हातारीकडं!” तिनं सन्मतीचा पायमोजा खाली ओढला. घोट्याभोवती काळा वळ होता, बांगडीसारखा गोल. “साडीच्या काठानं बांधून ठेवायची खाटेला. सकाळी सातपासून. हागला-मुतला तरी तसाच. तू हे बघितलंस. डबा खाताना माझ्या मांडीवर होता हा तेव्हा, बघितलंस तू. विचारलंस व्हय, हे काय म्हणून?”

मी बघितलं होतं. मला वाटलं होतं, काळा दोरा काचला असेल.

“मला मागायचीस जागा,” मी म्हणाले. “सरळ मागायचीस.”

“मागितली असती तर दिली असतीस?”

“दिली असती.”

राजमतीनं पायमोजा वर केला. तिचे डोळे कोरडे होते.

“खोटं बोलायला मीच शिकवलं तुला, शालन. माझ्यापुढं नको बोलूस.”

ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं मुकादमाला सांगून यंत्र बदलून घेतलं, अगदी पलीकडच्या ओळीत. त्यानंतर पाच वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं, पण एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. डबा मी एकटीच खायचे. तिचा राग यायचा, अजूनही येतो. दाखल्याचं ठाऊक असून ती माझ्यासमोर जेवत होती, माझ्या पोरीच्या तळव्यांना मलम लावायला आली होती. ते मी विसरू शकत नाही.

पण त्या संध्याकाळी मला आणखी एका दारात जायचं होतं.

मी घरी जाऊन प्राचीला बरोबर घेतलं. नसीमभाभींचं घर पिराच्या गल्लीत होतं. दार उघडं होतं. त्या उंबऱ्याच्या आत बसून साडीला फॉल लावत होत्या. बाजूला साड्यांचं गाठोडं. पाळणाघर गेल्यावर त्या हेच काम करायला लागल्या, असं मला वाटेत कुणीतरी सांगितलं होतं. मला बघून त्यांनी सुई पदराला टोचली.

“भाभी, चुकलं माझं,” मी म्हणाले. “तुम्ही नव्हतात. राजमतीनं केलं ते.”

“ठाऊक हाय मला.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. विट्याचं तुझ्याशिवाय दोघींना माहीत होतं, आणि त्यातली एक मी.”

“मग तुम्ही बोलला का न्हाई? सगळ्यांपुढं सांगायचं होतं तिचं नाव!”

“सांगून काय झालं असतं? तुझ्या पोरीची जागा गेलीच होती. तिच्याही पोराला मिळाली नसती. तो तसाच खाटेला बांधलेला राहिला असता.” त्यांनी मांडीवरची साडी घडी केली. “त्याचा पाय बघितला होता मी. फॉर्म भरायला आणला होता तिनं, तेव्हाच.”

गल्लीतून सायकल गेली. प्राची माझ्या मागं लपून भाभींकडं बघत होती.

“राजमतीचं मला वाईट वाटत न्हाई,” भाभी म्हणाल्या. “तिनं आपल्या लेकरासाठी केलं. पण तू… दर सोमवारी तक्ता वाचणारी तू. वाचता येत नाही म्हणालीस, ते कुणासाठी गं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्या पोरीसाठी, असं म्हणणार होते. पण पोरीची जागा त्याआधीच गेल्यात जमा होती. वाचता येत नाही म्हणून ती काही राहणार नव्हती. मला ते तिथंच, त्या दारात उभं असताना कळलं.

भाभींनी माझी फार वाट बघितली नाही. त्यांनी प्राचीपुढं हात केला. प्राची माझा पदर सोडून पुढं झाली, उंबरा चढताना एका पायावर लंगडली. भाभींनी तिला उचलून घेतलं, तळवा उलटा करून बघितला आणि त्यांचा चेहरा कसातरी झाला.

“उद्यापासून हिला हितं सोड,” त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. “साडेपाचला ने. उशीर करू नकोस.”

प्राची शाळेत जाईपर्यंत, दोन वर्षं, मी तिला रोज त्या दारात सोडलं आणि रोज तिथून नेलं. एक दिवसही उशीर केला नाही. पावसात छत्री धरून उभी राहिले, उन्हात उभी राहिले. सणाला प्राचीच्या हातात शिरखुर्म्याचा डबा यायचा, ‘आईला दे’ असं सांगून. पण त्या दोन वर्षांत नसीमभाभी मला एकदाही ‘आत ये’ म्हणाल्या नाहीत.